बोलणाऱ्याचा दंड

वाळीत टाकण्याच्या शिक्षेला तुरुंग लागत नाही, शिपाई लागत नाही आणि बहुतेक वेळा कागदही लागत नाही. गावकीची किंवा जातीच्या पंचांची बैठक बसते, ठराव होतो आणि दुसऱ्या दिवसापासून एका घराशी गावाचे बोलणे बंद होते. त्या घरच्या लग्नाला कोणी जात नाही, मयताला खांदा मिळत नाही, सामाईक भांडी मिळत नाहीत. कोकणात शिमग्याची पालखी त्या अंगणाला वळसा घालून पुढे जाते. कारण जमिनीचे असू शकते, निवडणुकीत कोणाच्या बाजूने उभे राहिले याचे असू शकते, मुलीने जातीबाहेर लग्न केल्याचे असू शकते किंवा पंचांच्या निवाड्याविरुद्ध कोर्टात गेल्याचेही.

एवढ्यावर मात्र कोणताही बहिष्कार फार दिवस टिकत नाही. वाळीत पडलेल्याचा सख्खा भाऊ, शाळेपासूनचा मित्र, शेजारीण, यांच्यापैकी कोणीतरी बोलणारच. म्हणून अशा ठरावाला जवळजवळ नेहमी दुसरे कलम जोडलेले असते: जो त्याच्याशी बोलेल त्यालाही दंड. पहिले कलम एका घराविरुद्ध असते, दुसरे सगळ्या गावाविरुद्ध. बहिष्काराची ताकद दुसऱ्या कलमात असते आणि त्याच्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते.

या प्रथेच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे म्हणणे पुढे दोन व्यक्तींच्या तोंडी घातले आहे. एक रत्नागिरी जिल्ह्यातील गावकीचे वयस्कर कारभारी, दुसऱ्या बहिष्काराचे खटले चालवणाऱ्या वकील. दोन्ही माणसे कल्पित आहेत; त्यांचे युक्तिवाद गावोगावी आणि न्यायालयांत खरोखर होत आलेले आहेत.

कारभारी : वकीलबाई, तुम्ही गोष्टीची सुरुवात शेवटापासून करता. तुम्हाला वाळीत टाकलेलं दिसतं, त्याच्या आधीचं काही दिसत नाही. घरात मयत झालं की लाकडं कोण फोडतं? गावकी. मांडव कोण घालतं? गावकी. पोरगा मुंबईला गेला की पहिल्यांदा उतरायचा कुठं? गावाच्या खोलीत. हे सगळं आपोआप चालतं असं वाटतं का? सगळं घ्यायचं आणि द्यायची वेळ आली की मी माझा मुखत्यार, अशा माणसाचं गावानं काय करायचं?

वकील : काका, वर्गणी थकली असेल तर वर्गणीचा हिशेब करा. पण त्याच्या म्हाताऱ्या आईला गिरणीवर दळण मिळू नये, याचा वर्गणीशी काय संबंध?

कारभारी : संबंध हाच, की नुसत्या हिशेबाला कोणी भीत नाही.

कारभाऱ्यांचे हे उत्तर कठोर आहे, पण प्रामाणिक आहे. गावकीने दिलेल्या मदतीचे तुकडे करता येत नाहीत आणि तिची शिक्षाही म्हणून तुकड्यांनी येत नाही. दळण तालुक्याच्या गावी जाऊन आणता येते, भांडी भाड्याने मिळतात, मंगल कार्यालय पैसे भरले की कोणालाही मिळते. पैशाच्या व्यवहाराने गावकीच्या हातातली बरीच शस्त्रे काढून घेतली आहेत. तरी तीन गोष्टी बाजारात मिळत नाहीत: मयताचा खांदा, लग्नाची सोयरीक आणि देवाचा मान. बहिष्कार आज याच तिन्हींवर उभा आहे, आणि तिसऱ्यामुळे तो नुसता सामाजिक राहत नाही, धार्मिक होतो.

दक्षिण कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेला कौल लावण्याची पद्धत आहे. मूर्तीला फुले, पाकळ्या किंवा तांदूळ लावतात आणि उजवी-डावी कोणती बाजू पडते त्यावरून देवाचा होकार-नकार समजतात. गावाच्या कारभारातला निर्णय असा देवासमोर गेला की त्याचा कर्ता बदलतो. ठराव पाच-सात माणसांनी केलेला असला तरी पुढे तो देवाचा होतो, आणि देवाच्या निर्णयाला विरोध करणारा आपोआप गावद्रोही ठरतो. ठराव करणाऱ्यालाही हे सोयीचे असते. उद्या कोणी जाब विचारला तर बोट गाभाऱ्याकडे दाखवता येते.

कारभारी : तुम्ही याला सोय म्हणता. आम्ही श्रद्धा म्हणतो. आमच्या देवराईत आजही सुकलेली फांदी कोणी उचलत नाही. वनखात्याचा माणूस तिथं वर्षातून एकदा येत असेल. ती राई कोणी राखली? देवाच्या धाकानं आणि गावकीच्या धाकानं. तुमच्या कायद्यानं राखलेलं एक जंगल दाखवा मला.

वकील : देवराईचं मी मान्य करते. पण तिथली फांदी कोणी बघत नसतानाही माणूस उचलत नाही. हा त्याचा स्वतःचा धाक. वाळीत टाकलेल्याशी मात्र लोक रात्री मागल्या दारानं बोलतात, फोन करतात, तालुक्याला भेटले की चहा पाजतात. म्हणजे त्याच्याशी बोलणं पाप आहे असं कोणालाच वाटत नाही. प्रत्येकाला वाटतं ते एवढंच, की दुसऱ्यानं पाहिलं तर आपलं काय होईल.

कारभारी : श्रद्धा आणि धाक अशा दोन वेगळ्या पुड्या बांधता येतात का, बाई?

पुड्या बांधता येत नाहीत, हे खरेच आहे. तरी वकिलांनी दाखवलेला फरक महत्त्वाचा आहे, आणि पुण्यातील एका गाजलेल्या प्रकरणात तो जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच दिसतो. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका समारंभाला शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायाधीश असलेले महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. मिशनऱ्यांनी चहा आणि बिस्किटे दिली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, सुरू झाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, शहरात तट पडले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. तरी घरच्या धर्मकृत्यांना भिक्षुक मिळण्याची अडचण त्यांच्याही वाट्याला आली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहाने धर्म बुडतो असे त्यांना वाटत नव्हते. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून दिसते ते असे की, त्यांच्याबरोबर ग्रामण्यात सापडलेल्या मित्रांची घरी कुचंबणा होत होती आणि त्या मित्रांखातर ते प्रायश्चित्ताला तयार झाले.

सुधारकांच्या गटात या निर्णयावर टीका झाली आणि आजही होते. ती टीका एका अर्थी रास्त आहे. पुढाऱ्याने नमते घेतले की मागच्यांचे पाय लटपटतात. पण रानडे कुठे वाकले ते नीट पाहिले पाहिजे. बहिष्कार त्यांच्या स्वतःच्या सुखसोयींवर आला असता तर तो त्यांनी सोसला असता असे मानायला जागा आहे. तो आला मित्रांच्या घरांवर.

कारभारी : मग यात पंचांचा दोष कुठं आहे? रानड्यांना पंचांनी नव्हे, मित्रांनी वाकवलं. त्यांच्याही आधी वडिलांनी वाकवलं होतं. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस, १८७३ साली पहिली बायको वारली तेव्हा वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. त्यात कुठं आली पंचायत? घरातला दाब तुम्ही कोणत्या कलमानं बंद करणार?

वकील : कोणत्याच नाही. तो कायद्याचा विषय नाही.

कारभारी : पण जोर तर त्यालाच जास्त असतो.

वकील : असतो. आणि पंचांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून तर ते दंड माणसावर न लावता त्याच्या घरावर लावतात.

धोंडो केशव कर्वे यांच्या बाबतीत हेच घडले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. विवाह कायदेशीर होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. पण कर्व्यांचे मूळ गाव, दापोलीजवळचे मुरुड, येथील मंडळींनी त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला आणि गावी राहणाऱ्या आई-भावांनी त्यांना थारा दिला तर तो बहिष्कार त्यांनाही लागू होईल असे ठरवले. पुण्यात नोकरी असलेल्या प्राध्यापकाचे मुरुडची माणसे काही बिघडवू शकत नव्हती. त्यांच्या हातात कर्व्यांची आई होती. कायदा होऊन ३७ वर्षे लोटली होती. त्याने विवाहाला मान्यता दिली, पण त्या विवाहाची किंमत कोणाकडून वसूल केली जाईल याविषयी तो काहीच बोलत नव्हता.

येथवरची उदाहरणे एकाच जातीतली आहेत: जातीने आपल्याच माणसाला बाहेर काढले. गावातील सवर्णांनी एकत्र येऊन दलित वस्तीवर टाकलेला बहिष्कार ही वेगळी आणि अधिक भयंकर गोष्ट आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे हा फरक पुसट होतो. ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याचे रोजचे खाणे दुसऱ्याच्या शेतावरच्या मजुरीवर आहे, त्याच्याशी व्यवहार बंद म्हणजे त्याची चूल बंद. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर कुलाबा जिल्ह्यातील अस्पृश्यांनी हे अनुभवले. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते, १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे दलितांविरुद्धचे मोठे हत्यार असल्याचे नोंदवले. लंडनच्या गोलमेज परिषदेपुढे आंबेडकरांनी ज्या संरक्षक तरतुदी मांडल्या त्यांत बहिष्काराची व्याख्या आणि त्यासाठी शिक्षा होती. त्यांनी आधार घेतला होता ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा. इंग्रजांनी तो कायदा केला होता तो राजकीय चळवळीतल्या बहिष्काराला तोंड देण्यासाठी; आंबेडकरांनी त्याचा उपयोग अगदी उलट्या दिशेने करून दाखवला. स्वातंत्र्यानंतर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांतून ही बाजू कायद्यात आली. जातीच्या आतल्या बहिष्काराची बाजू मात्र बराच काळ मोकळी राहिली.

कारभारी : महाडच्या त्या बहिष्काराच्या बाजूनं मी एक शब्द बोलणार नाही. पोटावर मारणं हा न्याय नव्हे. पण आपल्या घरात कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे आपणच ठरवायचं ना? तो हक्क धर्मालाही आहे. सुप्रीम कोर्टच सांगतं.

कारभाऱ्यांचा हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृती प्रतिबंधक कायदा करून कोणत्याही समाजातून सदस्याला बहिष्कृत करणे बेकायदा ठरवले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. जानेवारी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाची शिस्त आणि एकजूट टिकवण्याचा मार्ग आहे आणि त्यात सरसकट हात घालणे म्हणजे घटनेच्या २६ व्या अनुच्छेदाने दिलेल्या, धर्माच्या बाबी स्वतः पाहण्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे, असे बहुमताचे म्हणणे. सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा एकटे विरोधात राहिले. बहिष्कृत माणसाला समाज जवळपास अस्पृश्य करून टाकतो, आणि माणसाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणारा कायदा समाजसुधारणेचा कायदा म्हणून टिकला पाहिजे, असे त्यांचे मत होते.

वकील : त्या निकालानं काय झालं ते बोहरा सुधारकांना विचारा. असगर अली इंजिनिअरांसारखी माणसं धर्म सोडून गेली नव्हती, समाजाचा पैसा कसा वापरला जातो एवढंच विचारत होती. नाथवानी आयोगानं १९७९ साली या समाजातल्या बहिष्काराची माहिती गोळा केली. त्यात हेच, नवऱ्यानं सुधारकांची बाजू घेतली तर बायकोच्या माहेराला सांगायचं, त्याच्याशी संबंध तोडा. मेल्यावर समाजाच्या कब्रस्तानात जागा नाही. काका, पंथाची शिस्त म्हणून ज्याला बाहेर काढायचं त्याला काढा. त्याच्या सासूला तोंड बंद करायला लावणं ही कोणत्या धर्माची शिस्त?

कारभारी : त्या लोकांना दुसरा पंथ, दुसरी मशीद नव्हती का?

वकील : पंथ बदलता येतो. आई बदलता येत नाही.

या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून बोहरा सुधारकांच्या मध्यवर्ती मंडळाने १९८६ मध्ये केलेली याचिका दशकानुदशके पडून राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला.

महाराष्ट्रात दरम्यान दुसरीकडून हालचाल झाली. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागून एक येत होत्या आणि पोलिस त्यांना खंडणी, धमकी, कट अशा कलमांत कसेबसे बसवत होते. २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय विवाह केलेल्या गर्भवती मुलीचा तिच्याच वडिलांनी खून केला, आणि जातपंचायतीचा दबाव हे त्यामागचे कारण म्हणून पुढे आले. या घटनेनंतर डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. मोहीम थांबली नाही, आणि काही समाजांनी आपल्या पंचायती स्वतःहून बरखास्त केल्या. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर जुलै २०१७ पासून कायदा लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मदत करणाऱ्यालाही शिक्षा, आणि दंडाची रक्कम पीडिताला देण्याची सोय, अशा त्यातील मुख्य तरतुदी आहेत.

कारभारी : एक सांगा. मी कोणाशी बोलावं, कोणाच्या घरी जेवावं, हे आता फौजदार ठरवणार? मला एखादा आवडत नाही, मी बोलत नाही. झाला गुन्हा?

वकील : नाही झाला. तुम्ही एकटे जन्मभर बोलू नका. बैठक बोलावून सगळ्यांनी बोलायचं नाही असं ठरवलंत, तर झाला.

कारभारी : आणि ठराव लिहिलाच नाही तर?

वकील : तर माझं काम अवघड होतं, हे कबूल करते. गप्प बसण्याचा पुरावा कसा द्यायचा? साक्षीदारही गप्पच असतात. पण एखाद्या घरानं शेजारधर्म म्हणून ताक दिलं आणि त्याच्याकडून दोन हजार वसूल केले, तर ते दोन हजार कोणाच्या तरी हातात गेलेले असतात. माझा खटला तिथून सुरू होतो.

पुरावा मिळतो तो दुसऱ्या कलमाचा. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध २०१८ च्या सुमारास जी मोहीम चालवली तिचाही अनुभव यासारखाच होता. समाजातील अनेकांना ती प्रथा लाजिरवाणी वाटत होती. शिकलेली मुले खासगीत तसे सांगत. उघड विरोध करणाऱ्यांना मात्र समारंभांतून वगळले गेले, आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही. आपल्यासारखेच इतरांनाही वाटते हे जोवर कोणाला कळत नाही तोवर प्रत्येक जण बहुमत प्रथेच्या बाजूचे आहे असे समजून चालतो. प्रथेवर विश्वास ठेवणारे मूठभर राहिले तरी ती चालू राहते ती अशी. पंच हे ओळखून असतात. म्हणून मोकळ्या चर्चेला त्यांचा जेवढा विरोध असतो तेवढा खुद्द प्रथा मोडण्यालाही नसतो.

कारभाऱ्यांची कायद्यावरची शेवटची तक्रार वेळेची आहे. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवावा असे कायदा सांगतो, पण तालुक्याच्या कोर्टाची गती सगळ्यांना ठाऊक आहे. सरकार स्वतःच २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम राबवून गावातले तंटे गावातच मिटवा असे सांगत आले, मग गावकीने मिटवले तर बिघडले कुठे, असे ते विचारतात. कायद्यात त्यांच्या मनासारखी एक सोय आहे: पीडिताची संमती आणि न्यायालयाची परवानगी असेल तर प्रकरण तडजोडीने मिटवता येते.

कारभारी : म्हणजे फिरून आमच्याकडंच आलात. नारळ ठेवायचा, माफी मागायची, पालखी अंगणात न्यायची. हे आम्ही तुमच्या कायद्याआधीही करत होतो.

वकील : माफी कोण मागत होतं तेव्हा?

कारभारी : ज्याची चूक असेल तो.

वकील : म्हणजे वाळीत पडलेला. आता मी तडजोडीला येते तेव्हा उलट मागते. आणि त्या घराची माफी मागण्यावर थांबत नाही. त्याच्याशी बोलल्याबद्दल ज्या ज्या घरांकडून दंड घेतला, तो त्यांना परत द्यायचा, आणि गावकीच्या वहीत नावानिशी तशी नोंद करायची.

कारभारी : नावानिशी? सगळ्यांची? बाई, कोण कोण बोलत होतं ते मग सगळ्या गावाला कळेल.

वकील : तेच तर कळायला हवं आहे, काका.